शंभर दाण्यांचा धडा



शेतीचे शिक्षण शाळेत असावे, ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीचे ज्ञान मागितले. त्याला लहानशा नमुना शेताची जोड मागितली. एवढेच नव्हे, तर शिक्षकांच्या प्रशिक्षणातही शेती असावी आणि शिक्षक नांगर हाती धरायला न लाजणारा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. या मागणीत किती व्यवहार आहे, हे मला छात्राध्यापक म्हणून काम करताना कळले. तो अनुभव आज आपल्यापुढे ठेवतो.

२०२३ साली मराठवाड्यातील एका खेड्यात नववीच्या वर्गावर मी शेतीविज्ञानाचे पाठ घेत होतो. त्या जूनमध्ये पाऊस लांबला होता. घरोघरी सोयाबीनचे बियाणे तयार होते आणि डोळे आभाळाकडे लागले होते. सोयाबीनचे बी मोठे नाजूक. त्याचे साल पातळ. मळणीत मार बसला किंवा पोत्यांची थप्पी उंच लागली, की आतला अंकुर दुखावतो. वरून दाणा मात्र टपोरा दिसतो. २०२० च्या खरिपात बी उगवले नाही म्हणून राज्यात कितीतरी शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली होती. म्हणून मी पाठ निवडला तो उगवणशक्तीचा.

प्रत्येकाने घरच्या बियाण्यातून न निवडता शंभर दाणे आणावेत, असे सांगितले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, गुंडाळी केली आणि रोज पाणी शिंपडले. सातव्या दिवशी मोजणी. निरोगी अंकुर तेवढे मोजायचे; कुजलेले, मोडके सोडून द्यायचे. प्रमाणित बियाण्याला किमान सत्तर टक्के उगवण लागते. एका मुलीचे चौऱ्याऐंशी दाणे उगवले, दुसरीचे बासष्ट. मग फळ्यावर त्रैराशिक आले. सत्तर टक्क्यांना एकरी तीस किलो बी, तर बासष्टला किती? साधारण चौतीस. त्रैराशिकाचा कंटाळा करणारी मुले त्या दिवशी दोनदोनदा ताळा करून पाहत होती. कारण उत्तर वहीत राहणारे नव्हते, घरच्या पोत्यातून मोजून द्यायचे होते.

एका मुलाची गुंडाळी मात्र उघडेना. त्याने ती दप्तरामागे दडवली होती. एकेचाळीसच दाणे उगवले होते, आणि आपणच नापास झालो असे त्याला वाटत होते. मी म्हणालो, "अरे, हे गुण तुझे नव्हेत, बियाण्याचे आहेत. आणि ते तुला पेरणीआधी कळले!" दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. "सर, अजून एकदा बघा की," एवढेच म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. आम्ही पोत्यापोत्यातून नवे दाणे घेतले. दुसरी मोजणी त्रेचाळीस. पेरणीला अजून अवधी होता. त्यांनी ते बी पेरायचे सोडले, आणि चौऱ्याऐंशीवाल्या मुलीच्या घरून बियाणे घेतले. पुढच्या आठवड्यात तो मुलगा शेजाऱ्यांच्या ओट्यावर गोणपाट पसरून बसलेला मी पाहिला. दाणे निवडून घेऊ नका, असे तो एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला बजावत होता.

श्रोतेहो, पाठाचे निरीक्षण झाले, शेरेही मिळाले. पण शिक्षकाला मिळणारे खरे वेतन मला त्या ओट्यावर मिळाले. इतर विषयांत आपण ज्ञान देतो आणि ते परीक्षेत परत घेतो. शेतीच्या विषयात ते मुलाबरोबर घरी जाते, बापाच्या निर्णयात उतरते आणि मग शेतात उगवते. शंभर दाणे, एक फाटके गोणपाट आणि सात दिवस, एवढेच भांडवल त्याला लागले. प्रयोगशाळा लागली नाही.

आपण शहरात राहणारी माणसे शेतीच्या तासाला मागासलेल्यांचा तास समजतो. माझी विनंती इतकीच, की आपल्या मुलांनाही एकदा शंभर दाणे मोजू द्या. ताटातल्या अन्नामागे केवढी जोखीम असते, हे त्यांना मोजून कळेल. आणि मोजून कळलेले सहसा विसरत नाही.