जिल्हा झाला म्हणते!
(वर्धापन दिनानिमित्त दिलेल्या भाषणावरून)



वर्धापन दिनाला धम्मावर बोलावे अशी आपली पद्धत आहे. आम्ही मात्र आज जिल्ह्यावर बोलणार आहोत. कुणी म्हणेल, विहारात हे काऊन? पण चूक विहाराच्याच माईकवरून झाली, तेव्हा कबुलीही येथूनच दिली पाहिजे.

जानेवारी 2025 मध्ये मोबाइलवर एक यादी फिरली. 26 जानेवारीला महाराष्ट्रात 21 नवे जिल्हे जाहीर होणार म्हणे. त्या यादीत चंद्रपूरमधून चिमूरचे नाव होते. आमच्यापर्यंत जी आली तिच्यात कुणीतरी चिमूर खोडून ब्रह्मपुरी करून टाकले होते. काहींच्या मोबाइलवर तर दोन्ही याद्या होत्या, तरी शंका कुणालाच आली नाही! रविवारच्या वंदनेनंतर आम्ही ती मोठ्याने वाचली. टाळ्या झाल्या, पेढेही वाटले. 26 जानेवारी आली अन् गेली. जिल्हे 36 होते ते 36च राहिले. शेवटचा पालघर, तोही 1 ऑगस्ट 2014 चा.

आम्ही फसलो कसे? गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसे झाले. ब्रह्मपुरी इंग्रजांच्या काळापासून तहसीलचे गाव. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूर तोडून गडचिरोली जिल्हा झाला. वैनगंगेपलीकडचे गडचिरोली आपल्याला जवळ, पण आपले काम तिथे होत नाही. कामासाठी शंभराहून अधिक किलोमीटर चंद्रपूर गाठायचे. एका कागदासाठी दिवस जातो, रोजी बुडते, भाडे वेगळे. चिमूरकरांचीही मागणी जुनीच, 1942 च्या क्रांतीचा मान त्यांच्याकडे आहे. त्यांच्याशी आपले भांडण नाही. निवडणूक आली की दोन्ही गावांना जिल्हा मिळतो, आणि निवडणूक सरली की दोन्ही गावांचा जातो.

पण या अफवेची किंमत एका घराने मोजली. आपल्याच वस्तीतला मुलगा, जात वैधतेसाठी मूळ कागद घेऊन त्याला चंद्रपूरला जायचे होते. वडील म्हणाले, "थांब ना बावा, ऑफिस इथंच येते म्हणते. विहारात सांगितलं ना जी त्यायनं." तो थांबला. पुढे मुदतीच्या वेळी हातात प्रमाणपत्र नव्हते. त्या माउलीने आम्हाला एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

नंतर आम्ही एका जाणत्या वकिलाकडे बसलो. जिल्हा होतो कसा ते त्यांनी समजावले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, तिचे कलम 4. सरकारला राजपत्रात अधिसूचना काढावी लागते, आणि त्याआधी मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. म्हणजे जिल्हा एका रात्रीत पडत नाही. कुणी म्हणाला जिल्हा झाला, तर एवढेच विचारायचे, "मसुदा कुठे आहे? हरकती कधी मागवल्या?" पाच मिनिटांचे काम होते. आम्ही ते केले नाही.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना हेच सांगितले होते की नुसते ऐकीव आहे म्हणून मानू नका. कालाम सुत्त आम्ही याच विहारात किती वेळा समजावून सांगितले असेल! बाबासाहेब 16 ऑक्टोबर 1956 ला चांद्याला दीक्षा देणार, ही बातमीसुद्धा खेड्यापाड्यांत तोंडोतोंडीच गेली. पण म्हातारी माणसे सांगतात, सांगणारा ओळखीचा असे. खोटे निघाले तर दुसऱ्या दिवशी त्याच्याच दारात जाऊन विचारता येई. मोबाइलवरच्या यादीला दार नाही.

आणखी एक गोष्ट. या जिल्ह्याच्या नादात आपल्या वस्तीची नाली राहून गेली. जिथे तक्रार नेली तिथे उत्तर मिळाले, जिल्हा झाला की निधी येईल, मग सगळेच होईल. आम्हीही मान डोलावून परतलो. पावसाळ्यात पाणी विहाराच्या पायरीला लागले, तेव्हा कळले की नालीचा अन् जिल्ह्याचा काही संबंध नाही.

आता विहार समितीने ठरवले आहे, कागद हातात असल्याशिवाय माईकवरून कोणतीही सरकारी बातमी वाचायची नाही. त्या मुलाचे कागद घेऊन दोघे जण त्याच्यासोबत चंद्रपूरला जाऊन आले. नालीचा अर्ज पंचेचाळीस सह्यांनिशी दिला असून त्याची पोच फाइलला लावली आहे. पुढच्या सोमवारी पुन्हा जायचे आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी दहाला विहारापाशी जमावे.