परीक्षेच्या वाटेने पदवी

हुबळीचा कोप्पीकर रोड सकाळी हळूहळू जागा होतो. दुकानांची दारे वर सरकतात, रस्त्यावर पाणी शिंपडले जाते, कापडाचे तागे आणि तयार कपडे दर्शनी भागात मांडले जातात, आणि गल्ल्यापाशी उदबत्तीचा धूर दरवळू लागतो. तेथपासून रात्री दिवे मालवेपर्यंत जी तरुण मंडळी गिऱ्हाइकांपुढे तागे उलगडीत, बिले फाडीत, मालाच्या नोंदी ठेवीत उभी असतात, त्यांच्यापैकी कित्येकजण बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालेले असतात. पुढे मात्र शिक्षण थांबते. बुद्धी कमी पडते म्हणून थांबते असे नव्हे. कॉलेज ज्या वेळी भरते त्याच वेळी दुकानही उघडे असते, एवढेच त्याचे साधे कारण असते. श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरी अथवा शेजारी असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल.

शिक्षण महाग झाले असे म्हणताना आपण बहुधा फीचा विचार करतो. परंतु ज्या घरात एकाच्या पगारावर चौघांची चूल पेटते, त्या घराला फीहून पगाराची चिंता मोठी असते. कला अथवा वाणिज्य शाखेची वर्षाची फी कशीबशी उभी करता येईल, पण तीन वर्षे घरात येणारा पगार बंद झाला तर त्याची भरपाई कोठून करावयाची? तेव्हा खरा प्रश्न असा आहे की, ज्याने रात्री दिव्याखाली बसून अभ्यास केला, त्याला केवळ परीक्षा देऊन पदवी मिळविता येईल काय?

हा प्रश्न नवा नाही. १८३६ साली स्थापन झालेले लंडन विद्यापीठ हे मुळात शिकविणारे विद्यापीठ नव्हतेच. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. १८५८ साली त्याने आणखी एक पाऊल टाकले आणि बहुतेक पदव्यांसाठी विशिष्ट कॉलेजात हजर राहण्याची अट काढून टाकली. अभ्यास कोठे केला, कोणापाशी केला, याची चौकशी न करता विद्यापीठ केवळ उत्तरपत्रिका पाहू लागले. १८५७ साली स्थापन झालेले आपले मुंबई विद्यापीठही त्याच लंडनच्या धर्तीवर उभारलेले होते. १८६२ साली महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तेथील पहिल्या बी. ए. पदवीधरांत होते. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठाची स्थापना होईपर्यंत हुबळी-धारवाडच्या विद्यार्थ्याची परीक्षाही याच मुंबई विद्यापीठाकडे असे. गंमत अशी की, आपण लंडनची परीक्षा घेतली, तिचा काटेकोरपणा घेतला, पण दुसऱ्याच वर्षी तेथे उघडलेले दार मात्र घेतले नाही. संलग्न कॉलेजातून येण्याचा दंडक आपल्याकडे सामान्यतः कायम राहिला, आणि बाहेरून परीक्षेला बसणे ही अपवादाची, सवलतीची बाब होऊन बसली.

त्या सवलतीचा सर्वांत सुंदर उपयोग महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी केला. १९१६ साली त्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले, आणि ज्या स्त्रियांना घर सोडून वर्गात येणे शक्य नव्हते, त्यांना घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा दिली. मुले, सासर, स्वयंपाक यांतून वेळ काढून पुस्तक हाती धरणाऱ्या त्या स्त्रियांची अडचण आणि आजच्या दुकानातील मुलाची अडचण मुळात एकच आहे.

पदवी विशीतच मिळाली पाहिजे, हाही आपला एक हट्टच आहे. धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी आणि लेखनाची मुख्यत्वे कन्नड. ते १९१८ साली बी. ए. झाले आणि एम. ए. झाले ते १९३५ साली, म्हणजे वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर. मधली सतरा वर्षे त्यांच्या विद्वत्तेतून वजा करावीत असे कोणी म्हणणार नाही.

आपल्या या भागात परीक्षेवर चालणाऱ्या शिक्षणाची परंपरा चांगलीच रुजलेली आहे, फक्त आपण तिला त्या नावाने ओळखत नाही. दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेची कर्नाटक शाखा धारवाडात आहे. प्राथमिक, मध्यमा, राष्ट्रभाषा अशा पायऱ्या चढत या भागातील किती गृहिणींनी, कारकुनांनी आणि शाळकरी मुलांनी हिंदी आत्मसात केली असेल! त्यासाठी कोणी नोकरी सोडली नाही. टंकलेखनाच्या परीक्षाही अशाच. दिवसातील एक तास वर्गाला दिला की पुरे.

याहून मोठा दाखला अभियंत्यांचा. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या १९२० साली स्थापन झालेल्या संस्थेची सहसदस्यत्वाची परीक्षा, जिला सर्वजण ए. एम. आय. ई. म्हणत, ही नोकरी करीत देता येई. पदविका घेऊन कारखान्यात लागलेला मनुष्य तिचे 'अ' आणि 'ब' असे दोन विभाग, एकेक विषय सोडवीत, कित्येक वर्षांत पुरे करी आणि पदवीधर अभियंत्याच्या बरोबरीने बढतीस पात्र ठरे. हुबळीसारख्या गावात, जेथे दक्षिण मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकात उभारलेला कारखाना आजही चालू आहे, तेथे या परीक्षेचे मोल वेगळे सांगावयास नको. पण ३१ मे २०१३ पर्यंत ज्यांनी नोंदणी केली, त्यांच्यापुरतीच पदवीशी ती समकक्षता उरली. पुढच्यांसाठी तो रस्ता बंद झाला. त्याच्या जागी कामगाराला परवडेल असा दुसरा रस्ता तितक्याच तत्परतेने काढला गेला असता, तर या निर्णयाबद्दल तक्रार करण्याचे कारण नव्हते.

या बाबतीत अमेरिका पुष्कळ पुढे गेली आहे. तेथे पदवी म्हणजे साधारण १२० श्रेयांकांची बेरीज. श्रेयांक म्हणजे एखाद्या विषयाच्या अभ्यासाचे ठरवून दिलेले माप. तेथील कॉलेज बोर्डाने १९६७ सालापासून अशी परीक्षामाला चालविली आहे की, इतिहास, अर्थशास्त्र, बीजगणित, मानसशास्त्र अशा विषयांची दीड तासाची परीक्षा द्यावी, वीस ते ऐंशीच्या मापात साधारण पन्नास गुण मिळवावेत, आणि त्या विषयाचे श्रेयांक पदरात पाडून घ्यावेत. एका परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आसपास. तोच विषय कॉलेजात बसून शिकला तर खर्च याच्या कित्येक पट होतो. न्यूयॉर्क राज्याने १९७१ साली आणि न्यू जर्सीने १९७२ साली प्रौढ, नोकरदार विद्यार्थ्यांसाठी अशा संस्था काढल्या की, ज्या ठिकठिकाणांहून मिळविलेले श्रेयांक एकत्र करून पदवी देतात. अर्थात तेथेही सर्व काही मोकळे नाही. कोणते कॉलेज किती श्रेयांक मानील हे त्याचे त्याने ठरवावयाचे, आणि काही श्रेयांक आमच्याकडेच पुरे करा अशी अट बहुतेक ठिकाणी असते. आधी परीक्षा देऊन मग कॉलेज शोधणारे तेथेही फसतात.

आपल्याकडे केवळ परीक्षेवर सबंध पदवी, इतकी मुभा अद्याप सर्रास नाही. जे आहे ते दूरशिक्षण. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली टपालाने शिक्षण देण्यास आरंभ केला. म्हैसूर विद्यापीठाने १९६९ साली तशीच संस्था काढली, आणि तिचेच १९९६ साली कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ झाले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले, आणि पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी ज्ञानगंगा घरोघरी नेण्याचे ब्रीद प्रत्यक्षात उतरविण्यास प्रारंभ केला. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातील पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० च्या नियमांत म्हटले आहे आणि २०२२ साली त्याचा पुनरुच्चारही केला आहे. म्हणून 'बाहेरून केलेले बी. ए.' असे नाक मुरडून म्हणणाऱ्यांनी आपले नाक आता सरळ करावयास हरकत नाही.

श्रेयांकांच्या बाबतीत २०२१ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी श्रेयांकांची पेढी स्थापन करण्याचे नियम झाले. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक तेथे त्याच्या खात्यावर जमा राहतात, आणि शिक्षणात खंड पडला तरी साधारण सात वर्षांपर्यंत ते उपयोगी पडू शकतात. त्याच वर्षी आयोगाने 'स्वयं' या सरकारी व्यासपीठावरून मिळविलेल्या श्रेयांकांची मर्यादा चाळीस टक्क्यांपर्यंत वाढविली. या व्यासपीठावरील व्याख्याने फुकट ऐकता येतात. परीक्षा द्यावयाची असेल तरच फी भरावी लागते, आणि ती बहुधा हजार रुपयांच्या घरात असते. मात्र आपले विद्यापीठ त्या विषयाचे श्रेयांक मानते काय, हे आधी लेखी विचारून घ्यावे. चाळीस टक्के म्हणजे दार अर्धेसुद्धा उघडले नाही हे खरे, पण त्या फटीतूनही शहाणा मनुष्य आत शिरू शकतो.

आता थोडा हिशेब करू. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे सुमारे तीस तासांचा अभ्यास धरतात. तीन वर्षांच्या पदवीचे १२० श्रेयांक, म्हणजे ३,६०० तास. दररोज दोन तास नेमाने बसले तर याला १,८०० दिवस, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे लागतात. तीनच वर्षांत पुरे करावयाचे तर रोज सव्वातीन तासांहून अधिक वेळ काढावा लागेल, तोही रविवार, सण, लग्नसराई काही न वगळता. दुकानात दहा तास उभे राहून आलेल्याला हे झेपणार नाही. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात तीन वर्षांचे बी. ए. सहा वर्षांपर्यंत पुरे करता येते, ते याच माणसांसाठी. म्हणून पहिल्या दिवसापासूनच पाच वर्षांचा बेत करावा. तिसऱ्या वर्षी पदवी हाती आली नाही म्हणून खचून जाऊन पुस्तके रद्दीत घालणारे पुष्कळ आढळतात, आणि त्यांची चूक अभ्यासाची नसून केवळ गुणाकाराची असते.

दुसरी सावधगिरी मान्यतेची. कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाने राज्याच्या सीमेबाहेर, खासगी संस्थांच्या सहकार्याने अभ्यासक्रम चालविले, त्यावरून वाद होऊन आयोगाने २०१५ साली जाहीर केले की, २०१२-१३ नंतर या विद्यापीठाला मान्यता नाही. ती पुन्हा मिळाली २०१८ साली. मधल्या काळात प्रवेश घेतलेल्या मुलांनी फी भरली होती, परीक्षा दिल्या होत्या, आणि हाती आलेला कागद कोठे चालेल याची खात्री मात्र कोणी देईना. आज त्या विद्यापीठाला मान्यता आहे. पण मान्यता ही वर्षावर्षाची आणि अभ्यासक्रमागणिक पाहावयाची वस्तू आहे, हा त्या प्रकरणाचा धडा. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ही यादी असते. २०२४ पासून प्रवेशापूर्वी तेथे विद्यार्थ्याने स्वतःचा क्रमांक काढणेही आवश्यक झाले आहे. दहा दिवसांत व्यवस्थापनाची पदवी देऊ म्हणणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा आयोगाला २०२४ साली द्यावा लागला, यावरून गिऱ्हाईक किती भोळे आहे याची कल्पना यावी. अभियांत्रिकी, वैद्यक, कायदा, शुश्रूषा या शाखांच्या पदव्या दूरशिक्षणाने मिळत नाहीत. कोणी देतो म्हणाला तर तेथून उठावे.

ज्याची बारावीच राहिली आहे, त्याने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे पाहावे. तेथे पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, उत्तीर्ण झालेला विषय जमेस राहतो, आणि पूर्वीच्या मंडळाकडील दोन विषयांपर्यंतचे गुणही धरले जाऊ शकतात.

मराठी माणसाची एक अडचण वेगळी. नाशिकच्या विद्यापीठाची पुस्तके मराठीत, पण त्याचे कार्यक्षेत्र महाराष्ट्र. हुबळीत बसून त्याच्या अभ्यासकेंद्राचा लाभ घेता येत नाही. म्हैसूरचे माध्यम कन्नड अथवा इंग्रजी, दिल्लीचे मुख्यत्वे हिंदी अथवा इंग्रजी. तेव्हा कोप्पीकर रोडवरील मराठी मुलाने भाषेचा अभिमान आणि परीक्षेची सोय यांची गल्लत करू नये. जो दिवसभर गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये बोलतो, त्याला कन्नड पुस्तक इंग्रजीहून जवळचे वाटण्याचा संभव आहे. हिंदी सभेच्या परीक्षा दिलेल्याला हिंदीही जड जाणार नाही.

राहता राहिले दुकानाचे मालक. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या परीक्षा जून आणि डिसेंबर महिन्यांत होतात. एका नोकराला त्यासाठी वर्षातून आठ-दहा दिवस लागतील, तेही बहुधा सलग नव्हेत. लग्नाला आणि गावच्या जत्रेला जी रजा मिळते, ती परीक्षेला मिळण्यास अडचण नसावी. मात्र परीक्षेचा अर्ज काही महिने आधी भरावा लागतो. मालकाला त्याच दिवशी सांगावे आणि तारखा दुकानातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, भर गर्दीत, गल्ल्यापाशी जाऊन रजा मागू नये.