व्यसनी माणसाशी बोलायचं कसं?
(अमळनेर येथे समुपदेशक प्रशिक्षणाच्या सुरुवातीला केलेलं भाषण)



नावं देणाऱ्यांत निम्म्या मुली आहेत, याचा मला जास्त आनंद झाला. नवऱ्याच्या, मुलाच्या व्यसनाचं ओझं घरातली बाई वाहते आणि परक्या पुरुषाजवळ ती मोकळं बोलत नाही.

आपल्या मोहल्ल्यात पहिली अडचण अशी, की दारू हराम, म्हणून ‘आमच्यात पिणारा कुणी नाहीच’ असं म्हणायचं. पिणारे आहेत, लपून पितात. शिवाय नशा म्हणजे फक्त बाटली थोडीच? मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, ती अल्प्राझोलम. मूळ औषध घबराटीवरचं. तोंडाला वास येत नाही, म्हणून अम्मीला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

आता हे नीट ऐका, जिवाशी गाठ आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू किंवा रोजची ही गोळी एकदम तोडली, तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, माणूस दगावूही शकतो. तेव्हा ‘कसम खा, आजपासून बंद’ असं कुणालाही सांगायचं नाही. आधी डॉक्टर, मग आपण.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची त्याला मदत होती. तिथे बरे झालेले कितीतरी जण पुढे समुपदेशक झाले. पुस्तकी शिक्षण हवंच; पण ‘मीही इथूनच गेलोय’ म्हणणारा समोर बसला, की पेशंट खोटं बोलायचं थांबतो. तुमच्या ओळखीत असा कुणी सावरलेला भाई असेल, तर उद्या त्याला सोबत आणा.

उपदेश तर त्याला घरी, मशिदीत, कट्ट्यावर रोजच मिळतो. याच गावात साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षं शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडून ठेवायचे, कपडे धुवायचे. मुलं त्यानेच बदलली, असं मला तरी वाटतं.

‘का प्यायलास?’ विचारलं, की तो कारणं सांगतो, भांडतो. ‘घेतल्यावर काय बरं वाटतं? आणि सकाळी?’ असं विचारा, मग गप्प बसा. हे गप्प बसणंच सर्वांत अवघड. सुटलेलं व्यसन पुन्हा लागलं, तरी दार उघडं ठेवा. तोंड लपवून तो आला नाही, तर तुम्ही त्याच्या घरी जा. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन वहीत लिहून घ्या.

चला, दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने एकही सल्ला द्यायचा नाही.