आधी मैदान, मग ऑर्केस्ट्रा
(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)



बँकेच्या नोकरीत कोल्हापूरला बदली झाली आणि शाहू स्टेडियमवर फुटबॉल पाहायची सवय लागली. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा... नावं तालमींची, संघ फुटबॉलचे! हरलं की टपरीवर चहाबरोबर प्रशिक्षकाची उलटतपासणी. फायनल जिंकली की हलगी, गुलाल. पण पोरं घडायची ती रोजच्या सरावात. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारताकडून १७ वर्षांखालील विश्वचषक खेळला.

आज आपल्याकडे ऑर्केस्ट्रा आहे, आनंद आहे. पण मुलांच्या मैदानात गाड्या उभ्या आहेत हो! त्यात माझीही आहे. उद्यापासून ती तिथे नसेल. तुमचं काय?