अंदाजपत्रक आणि आपले आरोग्य
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आमचा विषय जाहीर झाला तेव्हा काही स्नेह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सुवर्णमहोत्सवात नाट्यसंगीत असावे, कीर्तन असावे, अंदाजपत्रक कशाला? त्यांचे म्हणणे अगदीच गैर नाही. आपल्या घरांतून अंदाजपत्रकाचा दिवस म्हणजे प्राप्तिकराची सूट पाहण्याचा दिवस, आणि तोही दिल्लीच्या अंदाजपत्रकाचा. रायपूरचे अंदाजपत्रक दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. तथापि राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हे विषय राज्यांकडे सोपविले आहेत, आणि म्हणून आजाऱ्याला उपयोगी पडणारे आकडे बहुतांशी त्या रद्दीतच असतात.

या जिल्ह्याचा हिशेब आजवर तीन राजधान्यांत मांडला गेला. 1956 पर्यंत दुर्गच्या सरकारी दवाखान्याच्या खर्चास मंजुरी नागपूरच्या विधानसभेत मिळत असे. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला राजधानी भोपाळला गेली आणि 2000 साली त्याच तारखेस रायपूरला आली. आपली माणसे मात्र येथे आली ती राजधानी पाहून नव्हे, कारखाना पाहून. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी भिलाईचा करार झाला तेव्हा केंद्राचे अर्थखाते चिंतामणराव देशमुखांकडे होते, हे आपण अभिमानाने सांगतो. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. कारखान्याने क्वार्टर दिले, शाळा दिल्या आणि सेक्टर 9 चे रुग्णालय दिले. घरात बाळंतपण निघो की ऑपरेशन, वैद्यकीय पुस्तिका हाती असली की काळजी अर्धी होई. सरकारी दवाखान्यात औषध आहे की नाही, हे विचारण्याची गरजच आपल्या पिढीला भासली नाही.

ही गरज ज्यांना भासली ते फार दूर नव्हते. आपल्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहऱ्याच्या खाणींत कंत्राटी मजूर राबत होते. त्यांच्या संघटनेच्या एक पदाधिकारी कुसुमबाई प्रसूतीच्या वेळी उपचाराअभावी दगावल्या. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील त्या संघटनेने मग स्वतःच्या वर्गणीने आणि श्रमाने रुग्णालय उभारले, 1977 च्या गोळीबारात बळी पडलेल्या साथीदारांच्या स्मरणार्थ त्यास ‘शहीद अस्पताल’ हे नाव दिले आणि 3 जून 1983 रोजी ते सुरू केले. नियोगींच्या राजकारणाविषयी या सभागृहात मतभेद असतील, ते असोत. पोलाद एकच, खनिजही एकच. परंतु ते खणणाऱ्याला आणि वितळविणाऱ्याला आजारपणात निरनिराळी दारे होती, ही गोष्ट नाकारता येत नाही.

आज ती दारे आपल्याच घरांत निरनिराळी झाली आहेत. वडील कारखान्याचे निवृत्त कर्मचारी, मुलगा कंत्राटदाराकडे. मुलाचा पगार 21,000 रुपयांच्या आत असला तर त्यास राज्य कर्मचारी विमा योजनेचा आधार. वर गेला की तोही नाही. वडिलांच्या वैयक्तिक आरोग्यविम्यावरील वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून माफ झाला खरा. गटविम्यास ती माफी लागू नाही. निवृत्तांच्या पाळीला बहुधा गटविमाच येतो, हे आपण जाणताच.

मग राज्याने खर्च करावा म्हटले तर पैसा कोठून यावा? 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना आपल्या अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्चण्याचे उद्दिष्ट घालून दिले. त्यानंतरच्याच वर्षी दिल्लीने प्राप्तिकरावरील शिक्षण उपकर तीनवरून चार टक्के करून त्यास ‘आरोग्य आणि शिक्षण उपकर’ असे नाव दिले. परंतु उपकराच्या उत्पन्नात राज्यांना वाटा नसतो. आरोग्याच्या नावाचा कर एकाकडे आणि रुग्णालये चालविण्याची जबाबदारी दुसऱ्याकडे, अशी ही गंमत आहे.

उरते ते खनिज. येथे आपली खरी अडचण सुरू होते. राज्यांना खनिजहक्कांवर कर लावता येतो काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालला, आणि त्यातील एक पक्षकार होती आपलीच स्टील अथॉरिटी. 25 जुलै 2024 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने निर्णय दिला, की स्वामित्वधन हा कर नव्हे आणि राज्यांना असा कर लावण्याचा अधिकार आहे. कर वाढला तर पोलाद महागते, कारखान्याचा नफा घटतो. न वाढला तर राज्याच्या दवाखान्याची तिजोरी रिकामी. आम्ही दोन्हीकडचे आहोत. तरीही आमचे मत विचाराल तर करच श्रेयस्कर, मात्र तो कोठे जातो हे दिसले पाहिजे.

छत्तीसगढने 2005 च्या कायद्याने खाणींच्या जमिनीवर दोन उपकर बसविले, एक पायाभूत विकासाच्या नावाने व दुसरा पर्यावरणाच्या. आरोग्याचे नाव त्यांत नाही. 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. जुन्या पट्ट्यांच्या स्वामित्वधनावर आणखी तीस टक्के रक्कम त्यांत जमा होते आणि आरोग्यसेवा हा त्यांच्या अग्रक्रमाच्या विषयांपैकी एक आहे. परंतु हा पैसा जिल्ह्यातच फिरतो. खात्याच्या मागण्यांवर जसे विधानसभेत मत घेतले जाते, तसे त्यावर घेतले जात नाही.

नाव देऊन कर घ्यावयाचा तर कसा, याचा धडा महाराष्ट्राने घालून दिला आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसला, आणि 1977 च्या कायद्याने सरकारनेही तेवढीच भर घालावी असे बांधून घेतले. त्या योजनेतील उणिवा पुष्कळ सांगता येतील. तथापि शहरातल्या पगारदाराच्या खिशातून गेलेला रुपया दुष्काळी कामावरील मजुराच्या नावे मांडला जाई आणि सरकारला त्याशेजारी आपला रुपया ठेवावा लागे. राजहऱ्याच्या खनिजावरील रुपयासाठी असे कलम का नसावे?

आपल्या ग्रंथालयात दिवाळी अंक भरपूर येतात. आमची कार्यकारिणीला विनंती आहे, की रायपूरच्या अंदाजपत्रकातील आरोग्य खात्याची पुस्तिका आणि दुर्ग व बालोद या जिल्ह्यांच्या खनिज प्रतिष्ठानांचे वार्षिक अहवालही तेथे ठेवावेत. अहवाल हिंदीत आहेत. वाचावयास अडचण पडू नये. आपल्यात निवृत्त लेखापाल पुष्कळ आहेत. त्यांनी एखाद्या रविवारी ते आपणां सर्वांस समजावून द्यावेत.