अज्ञानाला बक्षीस देणारा कायदा



विकावयाच्या वस्तूतील दोष ग्राहकाला सांगावा, हा व्यवहारधर्माचा साधा नियम आहे. परंतु विकणाऱ्याला दोष माहीत असेल तरच तो सांगण्याचे बंधन असावे, की दोष आहे अथवा नाही हे शोधून काढण्याचेही बंधन असावे? वरवर पाहता हा वकिली कीस वाटेल. तथापि अमेरिकेतील जुन्या घरांवरील शिशाच्या रंगाचा इतिहास पाहिला म्हणजे या एका भेदावर केवढी मोठी मनुष्यहानी अवलंबून असते, हे ध्यानात येते.

शिशाचा सफेता घालून केलेला तेलरंग टिकाऊ असतो, ओलाव्याला दाद देत नाही. म्हणून तो एके काळी जगभर लोकप्रिय होता. त्याचे विषारीपणही फार पूर्वीच उघड झाले होते. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी 1904 साली, मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचे मूळ व्हरांड्याच्या कठड्यांवरील व घराच्या भिंतींवरील रंगात आहे, असे दाखवून दिले. 1921 साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने घरांच्या अंतर्भागात सफेत्याच्या वापराला बंदी घालणारा करार संमत केला. अमेरिकेतील कारखानदार मात्र पुढेही या रंगाच्या जाहिराती करीत राहिले. तेथे घरगुती रंगातील शिशावर देशव्यापी बंदी आली ती 1978 साली. गिब्सन यांच्या इशाऱ्यानंतर पाऊणशे वर्षे लोटली होती.

बंदी आली ती नव्या रंगावर. भिंतींवर चढलेला रंग जागीच राहिला. खिडकीची झडप वरखाली होते, चौकटीवर घासते आणि तिची बारीक धूळ जमिनीवर बसते. रांगणारे मूल त्या धुळीत हात माखते व तोच हात तोंडात घालते. हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासून 1979 साली जो निष्कर्ष मांडला, तो हादरवणारा होता : विषबाधेचे एकही बाह्य लक्षण नसलेल्या मुलांतही, ज्यांच्या दातांत शिसे अधिक त्यांची बुद्धी व एकाग्रता कमी भरली. मुलांच्या रक्तातील शिशाची कोणतीही निर्धोक पातळी ज्ञात नाही, हे आज वैद्यकशास्त्राला मान्य आहे.

अशा घरांचे करावयाचे काय? 1992 साली अमेरिकन काँग्रेसने कायदा केला व 1996 साली त्याची नियमावली अमलात आली. 1978 पूर्वी बांधलेले घर विकताना वा भाड्याने देताना मालकाने आपणास ठाऊक असलेला शिशाचा धोका सांगावा, जवळ असलेले तपासणी-अहवाल दाखवावेत आणि सरकारी माहितीपुस्तिका द्यावी. खरेदीदारास स्वखर्चाने तपासणी करून घेण्यासाठी दहा दिवसांची सवड मिळावी. सह्या केलेले कागद तीन वर्षे जपावेत. जाणूनबुजून लपवाछपवी करणाऱ्याकडून तिप्पट नुकसानभरपाई वसूल करण्याची तरतूदही आहे. तिच्यामुळे हाती अहवाल असूनही गप्प बसणे महाग पडू लागले, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु या कायद्याने मालकावर ना तपासणीची सक्ती केली, ना रंग काढण्याची. त्यामागे एक अर्थशास्त्रीय धारणा आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला माहीत असलेले घेणाऱ्याला माहीत नसेल तर बाजारच बिघडतो. त्यावरून धोरणकर्त्यांनी सोपा उपाय काढला : माहिती द्या, म्हणजे बाजार योग्य किंमत ठरवील. येथे गृहीत असे की, विकणाऱ्याला माहिती असतेच. शिशाच्या बाबतीत ती तपासल्यावाचून होत नाही. तपासणी केली की अहवाल दाखवणे भाग, आणि अहवाल दाखवला की घराची किंमत उतरणार. मग शहाणा मालक तपासणीच करीत नाही. नमुन्यातील ‘माहिती नाही’ या ओळीपुढे तो खूण करतो, आणि ते असत्यही नसते. अशा रीतीने कायद्याने अज्ञानालाच बाजारमूल्य प्राप्त करून दिले.

खरेदीदाराची दहा दिवसांची सवडही लेखी सोडून देता येते. घरांची टंचाई असली व रांगेत दुसरे गिऱ्हाईक उभे असले की ती सुटतेच. भाडेकरूला तर ती सवडसुद्धा नाही. त्याच्या हाती पुस्तिका तेवढी येते. ती वाचून घर नाकारण्याची ऐपत ज्याला आहे, तो नाकारतो. ज्याला नाही, त्याचे मूल त्या घरात वाढते. आणि अमेरिकेत असे मूल बहुधा गरिबाचे, त्यातही कृष्णवर्णीयाचे असते. 2000 सालच्या सुमारास झालेल्या राष्ट्रीय पाहणीत 3 कोटी 80 लक्ष घरांत शिशाचा रंग आढळला. त्यांपैकी 2 कोटी 40 लक्ष घरांत तो धोकादायक स्थितीत होता.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आयुष्यभराची पुंजी एका घरात गुंतवलेल्या वृद्धेने कारखानदाराच्या पापाचा भुर्दंड का सोसावा? तिने एकटीने तो सोसू नये, हेच त्याचे उत्तर. ऱ्होड आयलंड राज्याने रंग-कंपन्यांविरुद्ध 2006 साली मिळवलेला निकाल 2008 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. कॅलिफोर्नियातील काही शहरे व परगणे मात्र 2000 साली सुरू झालेल्या दाव्यात चिकाटीने लढले, आणि 2019 साली तीन कंपन्यांना 30 कोटी 50 लक्ष डॉलर देण्याचे कबूल करावे लागले. मॅसॅच्युसेट्स राज्यात सहा वर्षांखालील मूल राहत असेल तर जुन्या घरातील शिशाचा धोका दूर करणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. रॉचेस्टर शहराने 2005 साली ठराव करून भाड्याच्या जुन्या घरांची तपासणी नगरपालिकेच्या निरीक्षकांकडे सोपवली. तेथे विषबाधा होण्यापूर्वी घर तपासले जाते. मूल हेच तपासणीचे साधन बनत नाही.

हा प्रश्न केवळ सातासमुद्रापलीकडचा नाही. भारताच्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 55 हेच सांगते : विकणाऱ्याला ठाऊक असलेला व घेणाऱ्याला सामान्य दक्षतेने न कळणारा दोष विकणाऱ्याने उघड करावा. ‘ठाऊक असलेला’ ही पळवाट येथेही आहे. 2016 च्या नियमांनी घरगुती रंगातील शिशाला दशलक्ष भागांत 90 भागांची मर्यादा घातली. हे नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. पण ते नव्या डब्याचे नियम आहेत. भिंतीवर आधीच चढलेल्या थरांना ते लागू नाहीत. दिवाळीपूर्वी जुना रंग कोरडाच खरवडणारा रंगारी आणि शेजारी खेळणारे मूल, दोघेही असे थर असलेल्या घरात ती धूळ श्वासाबरोबर घेतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी मागणीचा क्रम नीट लावावा. पहिली मागणी तपासणीची, आणि ती सार्वजनिक खर्चाने. सुरुवात शाळा, बालवाड्या व भाड्याच्या जुन्या चाळींपासून. दुसरी, रंगाऱ्यांना ओल्या पद्धतीने रंग काढण्याचे शिक्षण व साधने देण्याची. तिसरी, या खर्चाचा वाटा रंग-उद्योगाकडून वसूल करण्याची. दोष उघड करण्याचे बंधन त्यानंतर येते; कारण जे कोणी शोधलेच नाही, ते उघड करण्याचा हुकूम कागदावरच राहतो.