उघडे दार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. पण भिशीत, बारशात, दुखण्याखुपण्यात आपण मला नेहमी आपलीच मानली, म्हणून आज मनातले बोलते. मी ख्रिस्ती आहे हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. आपला धर्म लपवून का राहू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

पुष्कळ ठिकाणी तो लपविला जातो, आणि त्याला कारणे असतात. १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यांत घेतले. ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. त्यामुळे काही घरांत कागदावर एक धर्म आणि प्रार्थनेला दुसरा, असे चालत आले. गरिबाच्या पोराच्या शिक्षणाचा प्रश्न असतो. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. कोणाला मुलीच्या लग्नाची काळजी, कोणाला सासरचे भय, तर कोणाला भाड्याच्या खोलीची विवंचना.

खोलीचे तर आम्ही स्वतः भोगले आहे. लग्नानंतर खोली पाहत होतो, तेव्हा दलाल ह्यांना म्हणाला, "तुमच्या आडनावावरून काही कळत नाही. तुम्ही आपण होऊन बोलूच नका." ह्यांनी मालकाला पहिल्याच भेटीत सांगून टाकले. खोली गेली. पुढचे दोन महिने आम्ही दिरांच्या एका खोलीत सात माणसे राहिलो. या आळीत जागा मिळाली ती सर्व सांगूनच मिळाली. म्हणून रविवारी उपासनेला निघताना पवित्र शास्त्र मला पदराखाली झाकावे लागत नाही. हे सुख केवढे आहे, ते झाकावे लागणाऱ्या बाईलाच विचारावे!

पंडिता रमाबाईंचे नाव आपण सगळ्या आदराने घेतो. त्यांनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढले व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे धर्माची सक्ती नव्हती. ज्या मुलीचा जो आचार, तो तिने पाळावा. बाई स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या आणि पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी १८९३ साली संबंध सोडला. पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची धास्तीही समजण्यासारखी होती. आपण त्यांच्या जागी असतो तर आपल्यालाही झोप लागली नसती. दार लावून घेतले असते तर वाद कदाचित मिटला असता. पण बाईंनी ते लावले नाही. जे चोरून करावे लागते ते खरे कसे, असा हा सवाल आहे. पुढे दुष्काळात अनाथ झालेल्या शेकडो मुलीबायकांना त्यांनी केडगावी आसरा दिला. तेथील मुक्ती मिशन आजही चालू आहे.

भगिनींनो, उघडे दार म्हणजे शेजारणीचा हात धरून तिला आत ओढणे नव्हे. गणपतीत मी तुमच्याकडे मोदक वळायला येते. आरती सुरू झाली की बाजूला उभी राहते, आणि कोणी विचारले तर का ते सांगते. नाताळात तुम्ही माझ्याकडे करंज्या लाटायला येता. कोणी कोणाला फसवीत नाही, म्हणून कोणाच्या मनात किल्मिष राहत नाही. लपवाछपवी असती तर आज ना उद्या ती उघडकीस आलीच असती, आणि मग "इतकी वर्षे हिने आम्हांला परके का मानले?" असे तुम्हीच विचारले असते.

ज्यांना आज धीर होत नाही, त्यांना मी दोष देत नाही. शुभवर्तमानात निकदेम नावाचा एक मोठा माणूस आहे. तो प्रभू येशूकडे रात्री आला. प्रभूने त्याला परत पाठविले नाही. आणि प्रभूला वधस्तंभावरून उतरविले तेव्हा हाच निकदेम सुगंधी द्रव्ये घेऊन उघडपणे पुढे आला. कोणाकोणाला वेळ लागतो, तो देव देतो.

आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याची व पाळण्याची मोकळीक दिली आहे. पण कलम काही जिन्यावर उभे राहत नाही. जिन्यावर शेजारीण उभी असते. तिच्या कपाळाला आठी पडली तर कायदा असूनही माणूस गप्प बसते. ती हसली तर मन मोकळे होते. आपल्या आळीत नवे बिऱ्हाड येईल, तेव्हा त्या बाईला आपला देव कोणता हे न भिता सांगता यावे, एवढे आपण सर्वजणी मिळून सांभाळू या.